चीफ रिटायर झाल्यावर कुठल्या खुर्चीत बसतात? (वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

मागच्या अंकात १९७१च्या हवाई युद्धावर लिहिताना ओघात तेव्हाचे एअर फोर्सचे चीफ, एअर चीफ मार्शल पी. सी. लाल यांचं नाव आलं, आणि त्या एका नावावरच इतकी पत्रं आली की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलं. नवीन वाचकांसाठी सांगतो, मी काही इतिहासाचा प्राध्यापक वगैरे नाही, एअर फोर्समध्ये इंजिन फिटर होतो, १९८० ला एअरमन म्हणून लागलो आणि वॉरंट ऑफिसर म्हणून बाहेर पडलो. त्यामुळे चीफ लोकांकडे मी खालून, म्हणजे टार्मॅकवरून बघितलंय, आणि उत्तरंही तशीच येणार.

प्रश्न : नमस्कार. मी ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे सरकारी विमान कारखान्यातून रिटायर झालोय. आमच्या जुन्या सिनियर लोकांच्या तोंडी लाल साहेबांचं नाव सारखं असायचं. ते एचएएलमध्ये चीफ व्हायच्या आधी होते का नंतर? आणि माझा मुलगा म्हणतो की जेआरडी टाटांना एअर इंडियातून काढून यांना बसवलं. खरंय का हे? – एक वाचक, ओझर

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण नुसतं हो म्हणून सोडून दिलं तर त्या माणसावर अन्याय होईल, म्हणून जरा लांबून येतो.

लाल यांचा जन्म १९१६चा, लुधियानाचा. १९३४ ला म्हणजे वयाच्या सतराव्या वर्षी दिल्ली फ्लाइंग क्लबमधून त्यांनी विमान चालवायचं लायसन काढलं, तेव्हा आपल्याकडे विमान हीच बघायला गर्दी जमायची गोष्ट होती. मग शिकायला लंडनला गेले, तिथे पत्रकारितेचं शिक्षण घेतलं, आणि १९३९ ला दुसरं महायुद्ध सुरू झालं तसे एअर फोर्समध्ये शिरले. बर्माच्या आघाडीवर सात नंबर स्क्वाड्रन होती, व्हेंजन्स नावाची डाइव्ह बॉम्बर विमानं त्यांच्याकडे, म्हणजे विमान जवळजवळ सरळ खाली सोडायचं, बॉम्ब टाकायचा आणि मग जमीन तोंडाशी यायच्या आत ते वर खेचायचं. त्या स्क्वाड्रनचे ते सिओ म्हणजे प्रमुख झाले आणि डीएफसी हे शौर्यपदक मिळालं. हा झाला पायलट लाल.

माझ्या मते खरे लाल दिसतात ते १९५७ नंतर. सरकारने त्यांना डेप्युटेशनवर इंडियन एअरलाइन्सला जनरल मॅनेजर म्हणून पाठवलं. आता ही कंपनी कशी होती बघा, १९५३ ला आठ खाजगी विमान कंपन्या एकत्र करून सरकारने ती बनवलेली, आठ जणांचे आठ रिवाज, जुन्या डाकोटांचा ढीग, आणि त्यात हा युनिफॉर्ममधला माणूस. त्यांच्याच काळात व्हायकाउंट आली, फोकर फ्रेंडशिप आली. आणि इथेच ॲव्हरोचं प्रकरण झालं. ॲव्हरो ७४८ हे विमान आपण इंग्लंडकडून लायसन घेऊन कानपूरला बनवायला घेतलं होतं, पहिलं विमान १ नोव्हेंबर १९६१ ला उडालं, त्याला सुब्रोतो नाव दिलं, आपले पहिले भारतीय चीफ सुब्रोतो मुखर्जी यांच्यावरून. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांचा या प्रोजेक्टवर फार जीव. साहजिक अपेक्षा अशी की इंडियन एअरलाइन्सनेही हेच विमान घ्यावं. लाल म्हणाले, आमच्या रूटला हे पुरत नाही. वरून दाब आला तरी त्यांनी मत बदललं नाही, आणि १९६२ ला त्यांना एअर फोर्समधूनच घरी पाठवायचा आदेश निघाला.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगतो, कारण आमच्यासारख्या लाइनवरच्या माणसाला लाल एवढे जवळचे का वाटतात ते त्याशिवाय कळायचं नाही. प्रत्येक विमानाचा एक फॉर्म ७०० असतो, जाड रजिस्टर. विमान उडायच्या आधी इंजिनवाला त्यात सही करतो, एअरफ्रेमवाला करतो, इलेक्ट्रिकवाला करतो, मग सुपरवायझर, आणि शेवटी पायलट विमानाभोवती एक फेरी मारून, टायरला हात लावून, इनटेकमध्ये वाकून बघून सही करतो आणि शिडी चढतो. तुमची सही म्हणजे तुम्ही तुमच्या डोळ्यांनी बघितलंय. मी कॉर्पोरल असताना एका हिवाळ्यात, पहाटेचे साडेपाच वाजले असतील, मला इंजिनच्या खालच्या पॅनलवर तेलाचा एक ओघळ दिसला, बोटाएवढा, पुसला तर परत आला. उड्डाणाची वेळ झालेली, पायलट हेल्मेट हातात धरून उभा, फ्लाइट कमांडर घड्याळ बघतोय, आणि मी म्हटलं सर मी सही करत नाही. दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग सिओ आले, स्वतः खाली वाकले, बोट लावून वास घेतला आणि म्हणाले, दुसरं विमान काढा. एका सीलला चीर गेली होती. त्या दिवशी आमच्या एका जुन्या सार्जंटने मला चहा देताना म्हटलं होतं, लाल साहेबांनी पण सही केली नव्हती, नोकरी घालवली होती. लाल कोण ते मला तेव्हा नावापुरतंच माहीत होतं. घरी आल्यावर शोधून शोधून वाचलं.

तर, नोकरी गेली. आणि लगेच ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनचं युद्ध झालं, मेनन यांना जावं लागलं, त्यांच्या जागी आपले यशवंतराव दिल्लीला गेले, आणि लाल यांना परत सेवेत घेतलं गेलं. नुसतं परत घेतलं असं नाही, १९६५च्या युद्धात ते एअर फोर्सचे व्हाइस चीफ होते.

आता तुमच्या एचएएलकडे येतो. १९६६ ते १९६९ एचएएलची सूत्रं त्यांच्याकडे होती, म्हणजे चीफ व्हायच्या आधी. तुम्ही ओझरचे, तुम्हाला सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० ला बंगलोरला विमानाचा कारखाना काढला त्याचंच पुढे एचएएल झालं, आणि मिग-२१ साठी नाशिक, कोरापूट, हैदराबाद असे जे कारखाने उभे केले ते १९६४ ला त्यात आले. ओझरला विमानाचा सांगाडा, कोरापूटला इंजिन, हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स. लाल आले तेव्हा ओझरला पहिली पहिली मिग तयार होत होती, बंगलोरला नॅट हे लढाऊ विमान बनत होतं, मारुत हे दुसरं लढाऊ विमान स्क्वाड्रनला जायच्या बेतात होतं. आणि कानपूरचा तो ॲव्हरोचा कारखानाही तोवर एचएएलमध्येच आलेला, म्हणजे ज्या विमानाला नाही म्हणून नोकरी गेली त्याच विमानाचा कारखाना आता त्यांच्या हाताखाली. ॲव्हरो पुढे इंडियन एअरलाइन्समध्येही आलं आणि एअर फोर्समध्ये तर मी असेपर्यंत काय, अजूनही आहे, आता कुठे त्याच्या जागी सी-२९५ येतायत, ५६ विमानांचा करार झालाय.

मग जुलै १९६९ ला चीफ. आता हे बघा की १९७१ ला जी मिग, जी नॅट, जी मारुत लढली त्यातली बरीचशी याच माणसाच्या देखरेखीखाली कारखान्यातून बाहेर पडली होती. कुठला सुटा भाग किती दिवसांत मिळतो, कुठल्या शॉपमध्ये काम अडतं, हे चीफच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला आतून माहीत असणं ही साधी गोष्ट नाही. आपल्याकडे कारखानेवाले म्हणतात एअर फोर्स नखरे करते आणि एअर फोर्सवाले म्हणतात कारखाना वेळेवर देत नाही, हे भांडण तुम्ही आम्ही दोघांनी दोन बाजूंनी ऐकलंय. लाल यांनी दोन्ही बाजूंना बसून काम केलं होतं.

१९६५ ला आर्मी आणि एअर फोर्सने एकत्र बसून प्लॅनिंग केलं नव्हतं, ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली होती. त्यांच्या आठवणी त्यांच्यानंतर १९८६ ला छापून आल्या त्यात ते याबद्दल अगदी सरळ लिहितात. त्यामुळे १९७१च्या आधी आर्मीच्या कमांडसोबत एअर फोर्सचे लोक बसवले, कोणाला कधी किती विमानं लागतील ते आधी ठरवलं, आणि कामाचा क्रम लावला: आधी आपलं आकाश आणि आपले तळ सांभाळायचे, मग आर्मी आणि नेव्हीला मदत. १९६५ ला ६ सप्टेंबरला पठाणकोटला आपली दहाएक विमानं जमिनीवर उभी असताना गेली होती. १९७१ ला ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ला केला तेव्हा विमानं ब्लास्ट पेनमध्ये होती, काँक्रीटच्या जाड कप्प्यांत, आणि नुकसान फारसं झालं नाही. नंतर मी अशाच पेनमध्ये कितीतरी वर्षं काम केलं, उन्हाळ्यात आत भट्टी असते, पण कधी तक्रार करावीशी वाटली नाही. पुढचं तुम्हाला माहीत आहे, लोंगेवालाला हंटर विमानं लढली, टांगाइलला पॅरा बटालियन उतरवली, १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर मिग-२१ नी रॉकेट टाकली आणि १६ तारखेला शरणागती.

आता जेआरडींचं. जानेवारी १९७३ ला लाल रिटायर झाले आणि त्याच वर्षी इंडियन एअरलाइन्सचे चेअरमन म्हणून परत गेले. या वेळचा अनुभव वेगळा होता, युनियन आणि मॅनेजमेंटचं इतकं बिनसलं की १९७३च्या शेवटी चक्क लॉकआऊट झाला, देशभर विमानसेवा कोलमडली. त्यावर खाली एका वाचकाच्या पत्रात बोलतो. मग १ जानेवारी १९७८ ला एअर इंडियाचं एम्परर अशोका हे जम्बो विमान मुंबईहून उडाल्यावर काही क्षणांत बांद्र्याच्या समोर समुद्रात पडलं, २१३ जण गेले. आणि पुढच्याच महिन्यात मोरारजींच्या सरकारने जेआरडींना एअर इंडियाच्या चेअरमनपदावरून बाजूला केलं, १९५३ पासून हा माणूस ते काम बिनपगारी करत होता. त्यांच्या जागी लाल.

तुमच्या मुलाला सांगा, हो, हे झालं, आणि ज्या पद्धतीने झालं ते वाईट झालं. ज्याने १९३२ ला स्वतः कराचीहून मुंबईला टपाल उडवत आणून या देशाची हवाई सेवा सुरू केली त्याला असं बाजूला करायला नको होतं. पण तो निर्णय सरकारचा होता, लाल यांनी ती खुर्ची मागून घेतली नव्हती, आणि ज्याला बसवलं तो वशिल्याने आलेला कोणी नव्हता, विमान चालवलेला, विमान बनवलेला आणि विमान कंपनी चालवलेला असा दुसरा माणूस तेव्हा देशात शोधूनही सापडला नसता. १९८२ च्या ऑगस्टमध्ये लंडनला ते गेले. पासष्टी उलटली होती फक्त.

प्रश्न : सर मी अकरावीत आहे, एनडीएची तयारी करतोय. अमेरिकेच्या एअर फोर्समध्ये जनरल असतात मग आपल्या एअर फोर्समध्ये का नाही? – विद्यार्थी, लातूर

कारण सोपं आहे रे. अमेरिकेची एअर फोर्स आर्मीच्या पोटातून निघाली, १९४७ ला वेगळी झाली, त्यामुळे आर्मीच्याच रँक घेऊन आली: कर्नल, जनरल. आपली एअर फोर्स ८ ऑक्टोबर १९३२ ला ब्रिटिशांच्या आरएएफच्या साच्यात बनली, त्यांनी आर्मीपासून वेगळं दिसावं म्हणून स्वतःच्या रँक काढल्या होत्या, त्याच आपल्याकडे: स्क्वाड्रन लीडर, विंग कमांडर, ग्रुप कॅप्टन आणि वर एअर मार्शल. आर्मीचा जनरल, नेव्हीचा ॲडमिरल आणि आपला एअर चीफ मार्शल हे तिघे बरोबरीचे, चार स्टारवाले. आणि एक लक्षात ठेव, मुलाखतीत विचारतात: आधी आपले चीफ एअर मार्शलच असायचे, १९६५च्या युद्धानंतर, १९६६ ला अर्जन सिंग हे पहिले एअर चीफ मार्शल झाले. अभ्यास कर, आणि गणित सोडू नको.

प्रश्न : आमच्या वडिलांची आठवण आहे की महाराष्ट्राचे दोन राज्यपाल लागोपाठ एअर फोर्सचे माजी चीफ होते. हे खरं का? आणि मला स्पष्ट मत हवंय, सैन्यातल्या माणसांना असं राजभवनात बसवणं योग्य आहे का? माझ्या मते ही नुसती बक्षिसी असते. – वाचक, दादर

वडिलांची आठवण बरोबर आहे. नोव्हेंबर १९८० ते मार्च १९८२ एअर चीफ मार्शल ओ. पी. मेहरा, आणि त्यांच्या पाठोपाठ मार्च १९८२ ते एप्रिल १९८५ एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ.

मेहरा लाल यांच्यानंतर चीफ झाले, १९७३ ते १९७६, आणि त्याआधी तेही एचएएलमध्ये सर्वात वर होते. रिटायर झाल्यावर इंडियन ऑलिम्पिक असोसिएशनचे अध्यक्ष, मग आपले राज्यपाल, आणि इथून राजस्थानला राज्यपाल म्हणून गेले. लतीफ हैदराबादचे. १९४२ ला कमिशन मिळालं, बर्मात लढले. फाळणीच्या वेळी त्यांचे जवळचे मित्र असगर खान आणि नूर खान पाकिस्तानात गेले, तू पण चल म्हणून लतीफ यांनाही आग्रह झाला, ते गेले नाहीत. ते दोन मित्र पुढे पाकिस्तानी एअर फोर्सचे चीफ झाले आणि लतीफ आपले, १९७८ ते १९८१. जग्वार त्यांच्याच काळात आली. मी भरती झालो तेव्हा तेच चीफ होते, ट्रेनिंग सेंटरच्या भिंतीवर त्यांचा फोटो होता, आणि दोन वर्षांनी सुट्टीवर गावी आलो तर तलाठी ऑफिसच्या भिंतीवर तोच चेहरा, या वेळी कोट घातलेला. मला उगाच घरचं कोणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

आता बक्षिसीचा मुद्दा. तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही, काही नेमणुका तशा झाल्याही असतील. पण या दोघांच्या बाबतीत एक प्रकरण बघा आणि मग ठरवा. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना सिमेंट वाटपाचं प्रकरण गाजलं, सप्टेंबर १९८१ ला भाजपचे रामदास नायक यांनी राज्यपाल मेहरांकडे अर्ज केला की मुख्यमंत्र्यांवर खटला भरायला मंजुरी द्या. जानेवारी १९८२ ला हायकोर्टाचा निकाल विरोधात गेल्यावर अंतुले यांनी राजीनामा दिला. मंजुरीचा प्रश्न तसाच होता. राज्यपाल एरवी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने सही करतात, घटनेतच तसं आहे, पण मुख्यमंत्र्यावरच खटला भरायचा तर त्याच्याच मंत्रिमंडळाचा सल्ला कसा घेणार? कोर्टात ठरलं की इथे राज्यपालांनी स्वतःच्या विचाराने निर्णय करायचा. तोवर राजभवनात लतीफ आले होते. त्यांनी २८ जुलै १९८२ ला आदेश काढला, काही मुद्द्यांवर मंजुरी दिली, बाकीच्या मुद्द्यांवर नाकारली. सगळं मान्य करून टाळ्या मिळवल्या नाहीत आणि सगळं नाकारून सरकारला खूशही केलं नाही. खटला पुढे वर्षानुवर्षं सुप्रीम कोर्टापर्यंत वर खाली होत राहिला आणि अंतुले शेवटी निर्दोष सुटले, ती वेगळी कहाणी. माझं म्हणणं एवढंच की एकेक बाब वेगळी तपासून जिथे पटलं तिथे सही आणि नाही पटलं तिथे नाही, हे मला ओळखीचं वाटतं, फॉर्म ७०० असाच भरतात.

आणि तो काळ तरी कसा होता! गिरणी संप सुरू होता, ऑगस्ट १९८२ ला मुंबईत पोलिसांचंच बंड झालं, बाबासाहेब भोसले गेले, वसंतदादा आले. राज्यपाल काही सरकार चालवत नाही हे मान्य, पण अशा वेळी त्या खुर्चीत न डगमगणारा माणूस असला तर फरक पडतो. लतीफ इथून फ्रान्सला राजदूत म्हणून गेले. २०१८ ला हैदराबादला वारले.

माझं मत विचारलंय म्हणून सांगतो: राज्यपाल, राजदूत या जागा चीफना द्यायला हरकत नाही, पण रिटायर झाल्यावर मध्ये काही वर्षं जायला हवीत. मेहरांच्या बाबतीत जवळपास पाच वर्षं गेली होती, लतीफ यांच्या बाबतीत जेमतेम सहा महिने, आणि ते मला कमीच वाटतात. युनिफॉर्ममध्ये असताना पुढची खुर्ची डोळ्यांसमोर असली तर फाइलवर खरं मत लिहायला हात अडखळतो. लतीफ यांच्याबद्दल असा संशय घ्यावा असं काहीही माझ्या वाचनात नाही, पण नियम चांगल्या माणसांकडे बघून करायचे नसतात.

प्रश्न : मराठी चीफ किती झाले? – वाचक, नागपूर

मुळगावकर १९७६ ते १९७८, १९४७-४८च्या काश्मीर युद्धातले महावीरचक्रवाले. टिपणीस, कारगिलच्या वेळचे. प्रदीप नाईक, तुमच्या नागपूरचे, २००९ ते २०११. आणि विवेक राम चौधरी, मूळ नांदेड जिल्ह्यातले, २०२१ ते २०२४.

पण मराठी माणूस म्हणून मला आणखी एक प्रसंग सांगावासा वाटतो, त्यात चीफ मराठी नव्हता, मंत्री होता. १ सप्टेंबर १९६५, छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे आत घुसलेले, आर्मी म्हणतेय विमानं पाठवा. यशवंतरावांनी अर्जन सिंगांना बोलावून विचारलं किती वेळ लागेल, ते म्हणाले एक तास. यशवंतरावांनी तिथल्या तिथे होकार दिला, आणि संध्याकाळी उजेड जायच्या आत पठाणकोटहून विमानं उडाली. चार व्हॅम्पायर विमानं त्या दिवशी परत आली नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. अर्जन सिंग रिटायर झाले तेव्हा पन्नाशीचे होते, पुढे स्वित्झर्लंडला राजदूत, केनियात हायकमिशनर, १९८९ ला दिल्लीचे नायब राज्यपाल, आणि २००२ ला मार्शल ऑफ द एअर फोर्स. २०१५ ला डॉ. कलाम यांचं पार्थिव दिल्लीला आणलं तेव्हा शहाण्णव वर्षांचे अर्जन सिंग व्हीलचेअरवर आले, आणि तिथे उठून उभे राहून त्यांनी सॅल्यूट केला. तो फोटो मी कापून ठेवलाय.

प्रश्न : सर, मी सार्जंट आहे, पुढच्या वर्षी वीस वर्षं पूर्ण होऊन बाहेर पडतोय. एका प्रायव्हेट कंपनीत मेंटेनन्स सुपरवायझरची ऑफर आहे. घरचे खूश आहेत पण मला धाकधूक आहे, सिव्हिलमध्ये आपलं जमेल का? तुम्ही मोठ्या मोठ्या चीफबद्दल लिहिता, आमच्यासारख्यांनी काय करायचं? – एक एअरमन, सातारा जिल्हा

तुझ्या पत्राला मी सगळ्यात जास्त वेळ दिला.

वर लाल यांच्या लॉकआऊटबद्दल लिहिलं ना, ते तुझ्यासाठीच ठेवलं होतं. युद्ध जिंकून आलेला चीफ, वर्षाच्या आत त्याच्याच कंपनीत कुलूप लागतं. मी यावर बराच विचार केलाय, आणि मला वाटतं यात कोण चूक कोण बरोबर यापेक्षा हे समजून घेणं महत्त्वाचं की सिव्हिलमधला माणूस तुझ्या रँकला बांधलेला नसतो. आपल्याकडे वॉरंट ऑफिसर म्हणाला की विषय संपतो. तिथे कामगार विचारतो का, आणि विचारायचा त्याला हक्क आहे, त्याच्यामागे युनियन आहे, कायदा आहे. मी स्वतः बाहेर पडल्यावर एका कारखान्यात लागलो, पहिल्या महिन्यात शिफ्टवर उशिरा येणाऱ्या एका ऑपरेटरला लाइनवर सगळ्यांसमोर झापलं, जसं आपण झापतो. दुसऱ्या दिवशी अख्खी शिफ्ट माझ्याशी बोलेना. काम चालू, पण एकही माणूस आपणहून काही सांगेना, आणि मेंटेनन्समध्ये माणसं सांगायची थांबली की संपलं, कारण मशीन बंद पडायच्या आधी त्याचा आवाज बदलतो आणि तो आवाज सुपरवायझरला नाही, ऑपरेटरलाच आधी ऐकू येतो. मी त्याच्याकडे गेलो, चहा घेऊन गेलो, आणि विचारलं की उशीर का होतो. बस बदलावी लागत होती दोनदा. त्याची शिफ्ट बदलली, आणि तोच पुढे माझा सगळ्यात भरवशाचा माणूस झाला.

तर पहिले सहा महिने हुकूम देऊ नकोस, विचार. नावं पाठ कर, मशीनची नंतर, माणसांची आधी. पगाराचं, सुट्टीचं, ओव्हरटाइमचं जे काय आहे ते ऑफर लेटरमध्ये लिहून घे, आपल्याला सवय नसते कारण आपल्याला सगळं सरकारने ठरवून दिलेलं असतं. पेन्शनचे कागद, एक्स-सर्व्हिसमन ओळखपत्र आणि ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं कार्ड यांची कामं बाहेर पडायच्या आधीच मार्गी लाव, नंतर नवीन नोकरीतून सुट्टी काढून हेलपाटे घालायला लागतात, आणि जिल्हा सैनिक कार्यालयात एकदा जाऊन नाव नोंदव.

आणि एक सवय मात्र तिकडची इकडे जशीच्या तशी ने. बघितल्याशिवाय सही करू नकोस. प्रायव्हेटमध्ये तुला लवकरच कोणीतरी म्हणेल, अहो चेकलिस्टवर टिक करून टाका, ऑडिट आहे उद्या. त्या वेळी त्याला शांतपणे सांग की मी आधी मशीनपाशी जाऊन येतो, आणि खरंच जाऊन ये. पहिल्या वेळी लोक हसतील. तिसऱ्या चौथ्या वेळी मॅनेजर दुसऱ्या कोणाची चेकलिस्ट आली तरी तुला विचारेल की तू बघितलंयस का.

जॉइन झालास की पत्र टाक.